दाजीपुरात पाला कुजतो, मग माझ्या खोडव्यात पाचट का नाही?

कागलचा खोडवा
पोरांना घेऊन दाजीपूरच्या जंगलात गेलतो. पाला हातानं बाजूला केला, तर वर अख्खी पानं, खाली नुसती शिरांची जाळी आणि त्याखाली काळी भुसभुशीत माती. तिथं कोण युरिया टाकतंय? आमच्या खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) मात्र पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, सरीत तसंच पडलंय. वडील म्हणतात, काडी लाव.

माती_तपासनीस
काडी लावू नका. जंगलातही काम झटपट होत नाही. तुम्ही बघितलेले तीन थर म्हणजे दोन-तीन वर्षांची पानगळ एकावर एक. उंबराचं मऊ पान लवकर जातं, अंजनीचं आणि जांभळाचं चिवट पान रेंगाळतं. पहिल्या पावसात पानातली साखर आणि टॅनिन (तुरट द्रव्य) धुऊन निघतं (जंगलातल्या ओढ्याचं पाणी तेव्हा तांबूस का दिसतं, तर त्यामुळंच). मग गांडूळ, वाळवी, वाणी किडे पान कुरतडतात आणि त्या तुकड्यांवर बुरशी चढते. लिग्निन, म्हणजे पानाला ताठ ठेवणारा चिवट भाग, फोडायचं काम मुख्यतः बुरशीचंच.

पाचटात नत्राच्या शंभरपट किंवा जास्तच कार्बन असतो. जिवाणूंना साधारण पंचवीस-तीसपटच चालतो. कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढतात, म्हणून ऊस पिवळा पडतो. टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कल्चर (कुजवणारे सूक्ष्मजीव) टाकायला सांगतात ते यासाठीच. आधी पाचटाची कुट्टी (बारीक तुकडे) करा. तुमच्या रानात वाणी किडे कमी, तेव्हा कुरतडायचं काम मशीनला द्या.

कागलचा खोडवा
आणि तिथली काळी माती पोतंभर आणून विरजण म्हणून टाकली तर?

राधानगरीकर
अजिबात नको दादा. १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, तिथनं काहीही उचलायला बंदी आहे. आणि उपयोगही नाही. सावलीत, ओलीत वाढलेली बुरशी तुमच्या उघड्या सरीत उन्हानं मरेल. आमच्याकडं जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ, झाडांचं बरंचसं खाणं त्या पाल्यातच असतं. मे महिन्यात या, तोच पाला पायाखाली कुरकुर वाजतो, कुजणं जवळजवळ बंद. ओल नसली की जंगलाचंही काही चालत नाही.

माती_तपासनीस
बरोबर. कुट्टी झाली की लगेच पाणी द्या, आणि पाचट मातीला टेकू दे. सरीत अधांतरी राहिलं तर पुढच्या तोडणीला तिथंच सापडेल.

कागलचा खोडवा
कुट्टीचं मशीन भाड्यानं एकरी काय घेतात सध्या?