मदत हवी आहे : मायकेल किवानुका यांच्या एका गाण्याचा अर्थ

युगांडातून आलेल्या आईवडिलांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेले गायक मायकेल किवानुका अलीकडेच माझ्या ऐकण्यात आले. सोल (अमेरिकी कृष्णवर्णीयांचे भावपूर्ण गायन), लोकसंगीत आणि सायकेडेलिक रॉक (स्वप्नवत ध्वनींचे रॉक संगीत) यांचा त्यांनी घातलेला मेळ मला फार आवडला, पण २०१६ च्या ‘लव्ह अँड हेट’ या अल्बममधील ‘ब्लॅक मॅन इन अ व्हाइट वर्ल्ड’ हे गाणे मनातून जातच नाही. टाळ्यांच्या ठेक्यावर शीर्षकाची ओळ पुन्हा पुन्हा येते; शब्दांत एकाकीपणा, ठेका मात्र पाय थिरकवणारा (ही विसंगती मला मुद्दाम साधलेली वाटते). हा वर्णभेदाविरुद्धचा निषेध मानावा, की गोऱ्या बहुसंख्याकांत वाढलेल्या माणसाची खासगी घालमेल? गॉस्पेलमधील, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांतील, टाळ्यांशी या ठेक्याचे नाते कसे समजून घ्यावे, आणि त्यासाठी अमेरिकी सोल गायक कर्टिस मेफील्ड यांच्यापासून ऐकायला सुरुवात करावी का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.