गंगोत्री : गोमुखाकडे निघण्यापूर्वीचा एक दिवस

गंगोत्रीत देवळाखेरीज काही नाही, म्हणून साताऱ्याहून जाणाऱ्यांनी तेथे फक्त रात्र काढून पहाटे गोमुखाची वाट धरावी, या सल्ल्याशी मी सहमत नाही. गोमुखाकडे, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाकडे, जाणारी सुमारे १८ किलोमीटरची पायवाट येथूनच सुरू होते आणि गाव ३,००० मीटरहून उंचावर असल्याने विरळ हवेची सवय होण्यासाठीही एक दिवस लागतोच.

तो दिवस पायी फिरण्यात घालवावा. गोरखा सेनापती अमरसिंह थापा यांनी उभारलेल्या देवळापासून थोडे खाली गेल्यावर भागीरथी ज्या कातळातून सूर्यकुंडात कोसळते, तेथे निवांत बसावे.

मात्र गावाचे खरे मन कळते ते परतीच्या वाटेवर, हर्षिलसमोरच्या मुखबा गावात. दिवाळीनंतर देऊळ बंद झाले की गंगेची मूर्ती पालखीतून येथे, म्हणजे तिच्या माहेरी, आणली जाते आणि अक्षय्य तृतीयेला ती पुन्हा वर जाते. पुजारी सेमवाल घराणीही याच गावची. वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला, नदीला लेक मानणारी ही रीत फार जवळची वाटली. हर्षिललगतच्या बगोरीत १९६२ च्या युद्धामुळे तिबेट सीमेजवळची नेलांग आणि जादुंग ही गावे सोडावी लागलेली, भोटियांपैकी ‘जाध’ समाजाची कुटुंबे राहतात. त्यांची लाकडी घरे आणि लोकरीचे विणकाम पाहण्यासाठी अर्धा दिवस अवश्य राखावा.

गोमुखासाठी वन विभागाचा परवाना लागतो आणि रोजची संख्या मर्यादित असते, तेव्हा तो आधीच काढून ठेवावा.