खरी वाटणारी पण खोटी कल्पना: इंग्रजीत नेमका शब्द कोणता?

भाषांतरकार: ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, म्हणून उकडतं.’ चांगली शिकलेली माणसंही हे ठामपणे सांगतात. शेगडीजवळ सरकलं की ऊब वाढते, त्यामुळे ऐकणाऱ्याला लगेच पटतंही. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किमीवर. जुलैत हेच अंतर १५.२ कोटी किमी होतं. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.

इंग्रजीत अशा कल्पनांना सरसकट ‘मिथ’ म्हणतात, ते मला पटत नाही. मिथ म्हणजे देवादिकांच्या कथा. माझं मत ‘स्पेशस’ (specious) या शब्दाला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ देखणा. वरवरचा देखणेपणा आणि आतला खोटेपणा दोन्ही त्यात आले.

शाळामास्तर: अजिबात सहमत नाही. स्पेशस म्हटलं की समोरचा फसवतोय असा वास येतो. ऋतूंचं चुकीचं कारण सांगणारी मुलगी कुणाला फसवत नसते. विज्ञानशिक्षणात रुळलेला ‘मिसकन्सेप्शन’च योग्य.

जुनाच वाचक: ‘फॅक्टॉइड’ कसा विसरलात? अमेरिकी लेखक नॉर्मन मेलरने १९७३ साली अभिनेत्री मेरिलिन मन्रोच्या चरित्रात तो घडवला, छापून येण्याआधी ज्यांना अस्तित्वच नव्हतं अशा ‘तथ्यां’साठी. जिभेचा नकाशा घ्या. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या कडेकडेने चवींच्या संवेदनशीलतेत किरकोळ फरक आढळले. १९४२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बोरिंग याच्या पुस्तकातल्या आलेखात ते फार मोठे दिसले, आणि पुढे पाठ्यपुस्तकांत गोड टोकाला, कडू मागे अशी वाटणीच झाली. कारल्याचा रस जिभेच्या टोकाला लावून बघा, कडू लागतोच.

शाळामास्तर: उदाहरण उत्तम, शब्द नको. अमेरिकेत फॅक्टॉइड म्हणजे आता छोटीशी, रंजक आणि खरी माहिती. वाचक नेमका उलटा अर्थ घेईल.

भाषांतरकार: फॅक्टॉइडबद्दल मान्य. पण कुठलाही गैरसमज मिसकन्सेप्शनच असतो. जवळ गेलं की ऊब वाढते हा नियम खरा आहे, फक्त चुकीच्या जागी लावलाय. ही कल्पना इतकी टिकते ती त्यामुळेच, आणि ते तुमच्या शब्दात कुठेच येत नाही.

शाळामास्तर: ते शब्दात यायलाच हवं असं नाही. ‘मग ऑस्ट्रेलियात डिसेंबरात उन्हाळा कसा?’ एवढं विचारलं की ती मुलगी स्वतःच विचारात पडते. तिच्या उत्तराला स्पेशस म्हटलंत, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.