स्वादुपिंड जागे असेल, तर सुई कमी करावी का?

वखरवाला, आर्णी
माझा टाइप वन मधुमेह (ज्यात स्वादुपिंडाचे इन्सुलिन बनवणे जवळजवळ थांबते) शाळेपासूनचा आहे. यंदा वैशाखात वखरणीच्या दिवसांत रात्रीची इन्सुलिनची मात्रा जवळजवळ निम्म्यावर आणली, तरी सकाळची शुगर चढली नाही. सी-पेप्टाइड (स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन बनवते तेव्हा सोबत रक्तात येणारा घटक) तपासून घेतले, तर तेही शून्य नव्हते. बॉस्टनच्या जोसलिन केंद्राने 50 वर्षांहून अधिक काळ टाइप वन असलेल्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दर तिघांपैकी दोघांच्या रक्तात सी-पेप्टाइड सापडले होते आणि मृत्यूनंतर तपासलेल्या नऊही स्वादुपिंडांत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिसल्या होत्या. आपल्याकडे मात्र ‘तुमचे स्वादुपिंड कधीच संपले’ असे सांगून वाटेला लावतात. ज्यांचा आजार जुना आहे, त्यांनी मात्रा हळूहळू उतरवून पाहायला हवी.

मुलीची आई, वणी
भाऊ, तुमचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पेशी दिसणे वेगळे आणि त्या पेशींनी जेवणाचा भार उचलणे वेगळे. इंग्लंडमधील एक्सेटरच्या 2014 च्या अभ्यासातही 74 जणांपैकी 73 टक्क्यांमध्ये सी-पेप्टाइड सापडले होते, पण ते अगदी थोडेसेही पकडणाऱ्या अतिसंवेदनशील चाचणीमुळे. जोसलिनचे लोक तर पन्नास वर्षे तगलेले. जे तगले नाहीत, त्यांचा हिशेब त्या अभ्यासात येणार कसा? आमच्याकडे एका नातेवाइकाने काढा देऊन ‘पोरीचे स्वादुपिंड जागे झाले’ असे ठरवले आणि माझ्या माघारी सुई बंद केली. दुसऱ्या रात्री तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, श्वास खोल आणि भरभर चालला होता, आणि गावात जीप मिळत नव्हती. असा सल्ला चारचौघांत देण्यापूर्वी ती रात्र कोणाच्या घरी येईल, याचा विचार करावा.

वर्धेकाठचा
ताई, काढ्याचे पाप त्या बिचाऱ्या पेशींच्या माथी मारू नका. ज्यांचे सी-पेप्टाइड लिटरमागे 0.2 नॅनोमोलच्या वर टिकले, त्यांना गंभीर हायपो (साखर एकदम उतरणे) कमी झाले आणि त्यांचे डोळेही अधिक काळ टिकले, हे अमेरिकेतील 1983 ते 1993 च्या मोठ्या चाचणीतून पुढे आले आहे. धुऱ्यावर एकटा असताना ज्याला घाम फुटून अंधारी आली आहे, त्याला त्या थेंबभर इन्सुलिनची किंमत विचारा. आमच्या दवाखान्यात मात्र शुगर खालीवर झाली की ‘चोरून खाल्ले असेल’ हाच पहिला आरोप होतो.

तरीही भाऊ, एक विचारतो: गेल्या उन्हाळ्यात तुमची बाटली कुठे होती? पंचेचाळीस अंशांत, भारनियमनात, बंद फ्रिजमध्ये शिजलेले इन्सुलिन तुम्ही पूर्ण मात्रेत घेत असाल आणि यंदा ताजी बाटली असेल, तर निम्म्या मात्रेत भागणारच. त्यात स्वादुपिंडाचे कर्तृत्व काही नाही.

वखरवाला, आर्णी
आमची बाटली माठातच असते. बाहेरच्या रुंद मडक्यात ओली वाळू, आत लहान मडके आणि त्यात कोरड्या डब्यात बाटली, ही आईची पद्धत आहे. उत्तर केनियातील निर्वासित छावणीच्या तापमानावर आधारित, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 25 ते 37 अंशांमध्ये चार आठवडे ठेवलेले इन्सुलिन टिकले होते. तेव्हा माठाला नावे ठेवू नयेत.

वर्धेकाठचा
कोरड्या उन्हात माठ उत्तम चालतो, हे मान्य. पण श्रावणात हवाच ओली असते, तेव्हा पाणी उडत नाही आणि माठ नुसता शोभेचा उरतो. वाळूवर पाणी शिंपडायचे एक दिवस राहिले, तर काय करता?

मुलीची आई, वणी
तुम्ही दोघे माठावर भांडत बसा, मूळ सल्ला तसाच उभा आहे.

नळीवाला, प्रयोगशाळा
मी रक्त घेणारा आहे, डॉक्टर नाही. तरीही दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. सी-पेप्टाइडचा नमुना साध्या नळीत घेऊन उन्हात बसने जिल्ह्याला पाठवला, तर आकडा खोटा कमी येतो. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या नळीत तो दिवसभर टिकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सी-पेप्टाइड मूत्रपिंडातून बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंड मंदावले की त्याचा आकडा वाढलेला दिसतो, आणि त्याच वेळी टोचलेले इन्सुलिनही शरीरात जास्त वेळ रेंगाळते, त्यामुळे मात्रा आपोआप कमी लागते. जुन्या आजारात ‘मात्रा उतरली, सी-पेप्टाइडही आले’ असे दोन्ही दिसले, तर आनंद करण्याआधी मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन पाहावे लागते. शिवाय वखरणीचे श्रम आणि उन्हाने मंदावलेली भूक यांनीही वैशाखात मात्रा कमी होते. आणि तुमचा आजार खरोखर टाइप वन आहे का, हे अँटीबॉडी (स्वतःच्याच पेशींवर उठणारी रक्तातील प्रथिने) तपासून पाहिले आहे का? आपल्या देशात स्वादुपिंडात खडे होऊन होणारा मधुमेहही आहे, आणि त्यात सी-पेप्टाइड शिल्लक राहू शकते.

वखरवाला, आर्णी
नळीवाल्यांचा मूत्रपिंडाचा मुद्दा मला एकाही डॉक्टरने सांगितला नव्हता. पेरणीआधी क्रिएटिनिन करून घेतो, आणि तोवर रात्रीची मात्रा आणखी उतरवत नाही. ताईंना एवढ्याने समाधान होणार असेल तर होवो. माठ मात्र बदलणार नाही.

मुलीची आई, वणी
अल्ब्युमिनही करा. माठाचे तुमचे तुम्ही पाहा.