मदत हवी आहे: बी.कॉम.साठी लॅपटॉप आणि परवडणारं ऑफिस (बजेट ४० हजार)

भाची यंदा सांगलीला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. एक्सेल, टॅलीचा सराव, मराठीत प्रकल्प अहवाल आणि पीपीटी एवढंच काम. गेम, व्हिडिओ एडिटिंग नाही. घरी वायफाय नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवायचं आहे. दुकानदाराने दोन पर्याय दिलेत.

अ) रायझन ३ ७३२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, सोबत ऑफिस होम २०२४.
आ) कोअर आय३-१२१५यू प्रोसेसर, बाकी सगळं तेच, पण ऑफिस नाही. ते ‘पाचशे रुपयांत टाकून देतो’ म्हणतोय.

कोणता घ्यावा? चार-पाच वर्षं टिकायला हवा.

प्रतिसाद १

आ घ्या, पण पाचशेचं ऑफिस नको.

७३२०यू या नावातला ७ बघून तो नवा वाटतो. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा असतो, आतली रचना कोणत्या पिढीची ते त्यावरून कळतं. इथे तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ मधली रचना. (७५३०यू असता तर झेन ३, मग गोष्ट वेगळी होती.) त्याहून मोठी अडचण रॅमची. ७३२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅमवर चालतो आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची डाग देऊन जोडलेली) असते. ग्राफिक्सही त्याच ८ जीबीतून वाटा घेतं. तिसऱ्या वर्षी ब्राउझरच्या दहा टॅब, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल एकदम उघडले की मशीन अडखळणार, आणि तेव्हा रॅम वाढवायची सोय नसेल.

१२१५यू मध्ये ६ कोअर आहेत आणि या प्रोसेसरच्या बऱ्याच मॉडेलांत रॅमचा एक स्लॉट असतो. ‘बऱ्याच’ म्हणतोय, सगळ्यांत नाही. म्हणून पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर ‘मेमरी स्लॉट’ ही ओळ वाचा. स्लॉट असेल तर ८ जीबी आज पुरेल, पुढे आणखी एक पट्टी बसवता येईल.

प्रतिसाद २

ऑफिसबद्दल. इतक्या स्वस्तात मिळणारी ‘की’ (सॉफ्टवेअर सुरू करायचा कोड) बहुतेक वेळा एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातली असते किंवा सरळ क्रॅक, म्हणजे परवाना चुकवणारी चोरटी युक्ती असते. पहिली कधीही बंद पडते. क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्याच मशीनवर पुढे फीचे ऑनलाइन व्यवहार होणार आहेत.

त्याऐवजी लिब्रेऑफिस टाका. फुकट आहे, परवान्याची कटकट नाही आणि इंटरनेटशिवाय चालतं. हॉटस्पॉटवर असणाऱ्याला हे फार महत्त्वाचं, कारण मायक्रोसॉफ्टचं ब्राउझरमधलं फुकट ऑफिस नेट गेलं की थांबतं. एक्सलुकअप हे तक्त्यातून माहिती शोधणारं सूत्र लिब्रेऑफिसमध्ये २४.८ आवृत्तीपासून आलंय, त्यामुळे ताजी आवृत्तीच उतरवा.

टाकल्यावर टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन ‘ऑल्वेज सेव्ह ॲज’ मध्ये वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट निवडा. हे राहिलं की फाइल ओडीटी म्हणून जतन होते आणि कॉलेजच्या संगणकावर उघडताना गोंधळ उडतो.

बिघडतं कुठे? वर्डमधली गुंतागुंतीची पानरचना थोडी हलते, एक्सेलचे मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञावली) सगळे चालत नाहीत, पॉवर क्वेरी हे एक्सेलचं माहिती आणून साफ करायचं साधनही नाही. अहवाल देताना पीडीएफ करून द्यावा. कॉलेजचा स्वतःचा ईमेल मिळत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या शैक्षणिक योजनेत ऑफिस फुकट मिळतंय का, हे आधी कार्यालयात विचारा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. स्लॉट आहे का ते बघतो. टॅली विकत घ्यावं लागेल का? आणि मराठी टायपिंगचं काय? ओळखीचे एक जण लेनोव्होचा वापरलेला टी४८० थिंकपॅड लॅपटॉप स्वस्तात विकतायत, तो चालेल?

प्रतिसाद ३

टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात व्हाउचर (व्यवहाराची नोंद) १, २ आणि ३१ याच तारखांना टाकता येतं, सरावाला तेवढं पुरतं. मात्र टॅली विंडोजवरच चालतं, म्हणून क्रोमबुकचा (विंडोज नसलेल्या, गूगलच्या प्रणालीवरच्या लॅपटॉपचा) विचार नको. लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालू देणाऱ्या विंडोजमध्ये) आला असेल तर टॅली बसणारच नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून तो मोड फुकट काढता येतो, फक्त परत लावता येत नाही.

टी४८० आठव्या पिढीच्या इंटेलचा असेल तर विंडोज ११ घेतो. सातव्या पिढीचाही टी४८० निघाला होता, तो घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घेण्याआधी बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड नाही ना ते सुरू करतानाच एफ१ दाबून बघा. विंडोज बनवून देतं त्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता ताडून पाहा, सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीत धरा. बजेट ४० हजार असताना मी तरी वॉरंटीवालाच घेईन.

प्रतिसाद २

मराठीसाठी कृतिदेव किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट नकोत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या, फॉन्ट ‘निर्मला’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा. लिब्रेऑफिसमध्ये लँग्वेजेसच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला (देवनागरीसारख्या लिपींसाठीच्या सेटिंगला) मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे रोमनपेक्षा वेगळा ठरतो. हे माहीत नसेल तर शीर्षकात इंग्रजी मोठं आणि मराठी बारीक असं होतं आणि कारण सापडत नाही.

प्रतिसाद १

एक राहिलं. दुकानात ‘सेटअप करून देतो’ म्हणतील, ते करू देऊ नका. विंडोज ११ बरेचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करतं आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की सेटअपच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. खातं दुकानाच्या ईमेलवर असेल आणि उद्या बायोस अपडेटनंतर विंडोजने ती रिकव्हरी की मागितली, तर तीन वर्षांचे प्रकल्प गेले. लॅपटॉपसोबत येणारं ऑफिसही त्याच खात्याला चिकटतं. खातं भाचीच्याच ईमेल आणि मोबाइलवर उघडा, रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा.

त्याच वेळी विंडोजच्या रीजनमध्ये (तारीख आणि आकडे लिहायच्या पद्धतीत) ‘इंग्लिश (इंडिया)’ करा. अमेरिकेवर राहिला तर एक्सेल १३/०४/२०२६ ला तारीख मानत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ते मजकूर म्हणून पडून राहतं, मग दिवसांची वजाबाकी चुकते आणि लाखाचे स्वल्पविरामही १,००,००० असे येत नाहीत.