मदत हवी आहे: मोटरहोमचं ब्रेक ऑइल कमी होतंय, गळती सापडत नाही

चाकावरचं_घर
नमस्कार. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी आठवड्याभरात मॅक्सवरून खाली मिनजवळ येते. दोनदा भरलं, दोनदा उतरलं. गाडीखाली चारही चाकांपाशी पुठ्ठे अंथरून बघितले, एक थेंब नाही. ब्रेकचे होज (रबरी नळ्या) मात्र जुने आहेत, बाहेरच्या रबराला भेगा पडल्यात. म्हणजे गळती तिथेच असणार. सगळे होज बदलून टाकतो. शनिवार-रविवार हातात आहे, पुढच्या आठवड्यात निघायचंय. दोनच गोष्टी सांगा: ऑइल किती आणू आणि एअर (ऑइलमध्ये शिरलेली हवा) कुठल्या चाकापासून काढू? 'गॅरेजला न्या' नको.

तेलकट_हात
जुनं सगळं काढून नवं भरायला दीड लिटर हाताशी ठेवा. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा दर्जा), अर्ध्या लिटरचे तीन सीलबंद डबे. उघडून ठेवलेला डबा वापरू नका, हे ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी मुरलं की १५५ पर्यंत येतो. मोटरहोमसारख्या जड गाडीला लांब उतारावर हा फरक भोवतो. एअर बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून काढतात, पण एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर मॅन्युअलमधला क्रम पाळा.

नटबोल्ट
थांबा. भेगा पडलेला होज बदलायलाच हवा, पण तो गळतोय हे त्यावरून ठरत नाही. आठवड्याला इतकं ऑइल होजमधून जात असतं तर क्रिंपपाशी (होजवर धातूचं टोक दाबून बसवलेलं असतं तिथे) ओल आणि तिला चिकटलेली काळी धूळ दिसली असती. आधी हे सांगा: पेडल घट्ट आहे की स्पंजसारखं? मागे ड्रम की डिस्क? मागची चाकं दुहेरी आहेत का? पॅड किती उरलेत? क्लच केबलचा की हायड्रॉलिक?

चाकावरचं_घर
पेडल घट्ट आहे, ब्रेक नीट लागतात. मागे ड्रम, चाकं एकेरी. एबीएस आहे. पॅड नवेच आहेत. क्लचचा इथे काय संबंध? प्रश्न ब्रेकचा आहे.

उतारवाट
जमिनीवर थेंब नाही आणि ऑइल तर जातंय, म्हणजे मास्टर सिलिंडरची मागची सील गेली. ऑइल बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा) साचतं, बाहेर दिसत नाही. व्हॅक्यूममधून इंजिनात ओढलं गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट काढा, पाइप न सोडता सिलिंडर अलगद पुढे ओढा आणि मागे बोट फिरवा. ओलं लागलं तर सिलिंडर बदला. हेच निघेल.

तेलकट_हात
@उतारवाट, मास्टर सिलिंडरला हात लावायच्या आधी ड्रम उघडायला हवेत. व्हील सिलिंडर (ब्रेक शू ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) पाझरला तर ऑइल आधी ड्रमच्या आत शूवर पसरतं, बॅकप्लेटच्या खालच्या कडेला यायला बरेच दिवस लागतात. ड्रम काढून सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी स्क्रूड्रायव्हरने जरा उचला. किंचित दमट असेल तर चालतं, ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. मग दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि चारही शू एकदम बदलायचे. ऑइल प्यायलेला शू धुऊन परत बसवला की गरम झाल्यावर ऑइल पुन्हा बाहेर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

उतारवाट
ड्रम काढायला दोन्ही चाकं उचलावी लागतात. माझी तपासणी पंधरा मिनिटांची आहे.

तेलकट_हात
पंधरा मिनिटं तेव्हाच, जेव्हा सिलिंडर हाताला येतो. या गाड्यांत तो बऱ्याचदा डॅशबोर्डखाली अडकलेला असतो आणि धातूचे पाइप ओढताना गंजलेला पाइप तुटतो.

घाटमाथा
एवढा खटाटोप करताच आहात तर सरळ डॉट ५ सिलिकॉन भरा. ओल शोषत नाही, रंग खराब करत नाही, दर दोन वर्षांनी बदलायची कटकट नाही.

नटबोल्ट
@घाटमाथा, कृपया हा सल्ला देऊ नका. धागाकर्त्यांच्या गाडीला एबीएस आहे. सिलिकॉन ऑइलमध्ये हवेचे बारीक बुडबुडे टिकून राहतात, ते एबीएसला चालत नाही. शिवाय ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही. आत शिरलेलं पाणीही त्यात विरघळत नाही, खोलगट जागी साचतं आणि गंज धरतो. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच असतं आणि डॉट ४ मध्ये मिसळतं. नावं सारखी असल्यामुळे इथेच चूक होते.

@चाकावरचं_घर, आता क्लचबद्दल. हायड्रॉलिक क्लच असलेल्या बऱ्याच व्हॅनमध्ये क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून ऑइल घेतात. क्लचची नळी टाकीच्या बाजूला जरा वरच्या उंचीवर असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल तळाशी शिल्लक राहतं. म्हणून दोन प्रश्न. पातळी दर वेळी एकाच जागी येऊन थांबते का? गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्स, अडतो का?

चाकावरचं_घर
पातळीचं म्हणाल तर हो, मिनच्या जरा वर येऊन थांबते. म्हणूनच निर्धास्त होतो. रिव्हर्स करकरतो, पण ते मी गिअरबॉक्सचं दुखणं समजत होतो. टाकीच्या बाजूला एक काळी नळी आहे, ती पेडलच्या दिशेने आत जाते.

नटबोल्ट
मग हे आधी लिहायला हवं होतं. दोन ठिकाणं बघा. एक, क्लच पेडलच्या वर क्लचच्या मास्टर सिलिंडरचा दांडा आणि खालचा गालिचा ओला आहे का. दोन, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेलहाउसिंगच्या तळाशी भोक किंवा फट असते, तिथे ओल आहे का. पुठ्ठा चाकांखाली नको, बरोबर त्याखाली ठेवा आणि क्लच पन्नासेक वेळा दाबा. थेंब पडला तर पेलाभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, गिअर ऑइल वर तरंगतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.

चाकावरचं_घर
गालिचा कोरडा. बेलहाउसिंगच्या तळाशी ओल होती, ती आधी गिअर ऑइल समजून सोडून दिली होती. पुठ्ठ्यावर तीन थेंब पडले. पाण्यात विरघळले. बाहेर स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) दिसत नाही, नळी थेट हाउसिंगमध्ये जाते.

नटबोल्ट
म्हणजे स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगसकट आत, शाफ्टभोवती बसवलेला आहे. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. हे दोन दिवसांचं काम नाही, त्यासाठी ट्रान्समिशन जॅक लागतो. आणि तोवर गाडी बाहेर काढू नका. दर आठवड्याला ऑइल भरून चालवलं तर एक दिवस क्लच जमिनीला टेकेल आणि गाडी गिअरमध्येच अडकेल.

उतारवाट
गिअरबॉक्स उतरतोच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, स्लेव्ह सगळं एकदम बदला.

तेलकट_हात
प्लेट आधी बघा तरी. कोरडी असेल आणि रिव्हेटच्या वर भरपूर मटेरियल असेल तर ठेवायला हरकत नाही. ऑइलचा डाग दिसला तर मात्र बदलाच, घासून उपयोग नाही, चढावर घसरेल.

उतारवाट
मजुरी दोनदा द्यायची का? मी बदलेन.

चाकावरचं_घर
प्रवास पुढे ढकलला. क्लचसाठी गाडी देतो, पण होज मीच बदलणार. तेवढं नीट सांगा.

तेलकट_हात
त्या कामाला शनिवार पुरतो. आदल्या दोन संध्याकाळी प्रत्येक नटवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. उचलायची फक्त चेसिसच्या जॅक पॉइंटवर आणि लगेच स्टँडवर ठेवायची. गाडी स्थिर ठेवायचे कोपऱ्यांचे पाय उचलण्यासाठी नसतात, ते वाकतात.

होज सोडण्याआधी काठीने पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबून अडकवा. मास्टर सिलिंडरचं भोक बंद होतं आणि टाकी रिकामी होत नाही. ब्रेक लाइट पेटून राहतील, फ्यूज काढा. आधी धातूच्या पाइपाकडचा नट सोडायचा, होजचं षट्कोनी टोक दुसऱ्या पान्याने धरून. साधा फिक्स पाना नको, कडा गोल होतात, फ्लेअर नट पाना वापरा. नटाबरोबर पाइपही पिळू लागला तर थांबा. नट पाइपाला चिकटलाय, जोर लावलात तर पाइप तुटेल. मग तो तुकडा तांबे-निकेलच्या पाइपाने नवा करायचा, जुन्यासारख्याच फ्लेअरने (पाइपाचं पसरवलेलं टोक).

कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. बॅन्जो बोल्ट (ऑइल आतून जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंना नवे कॉपर वॉशर. जुने दबलेले असतात, पुन्हा वापरले की पाझरतात. टॉर्क मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने आवळू नका.

नटबोल्ट
दोन भर घालतो. नवा होज बसवल्यावर त्यावरची छापील रेघ सरळ आहे का बघा, पीळ पडला असेल तर ती गोल फिरलेली दिसते. मग स्टीअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून, चाक लोंबतं असताना आणि गाडी जमिनीवर असताना, होज ताणला जात नाही आणि टायरला लागत नाही याची खात्री करा.

दुसरं, मागच्या अ‍ॅक्सलवर वजनाप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर अ‍ॅक्सल लोंबत असताना मागे ऑइल कमी येतं आणि एअर निघत नाही असं वाटतं. मागची एअर वजन चाकांवर ठेवून काढा. पेडल तळापर्यंत दाबू नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा कधी न वापरलेला भाग खडबडीत असतो, सील तिथे फाटते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. टाकी मिनखाली जाऊ देऊ नका, एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो.

चाकावरचं_घर
मागे अ‍ॅक्सलवर स्प्रिंग लावलेला व्हॉल्व्ह आहे, आत्ता बघून आलो. होज आधी करू की क्लच?

तेलकट_हात
क्लच आधी. तिथे ऑइल उघडणारच, क्लचची एअर काढणारच. नंतर होज बदलून सगळं ऑइल एकदाच नवं भरा. शेवटी इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसायला सांगा.