सिमेंटची कौले: जुन्या सागवानी छपरावर चढवावीत का?

केळीमळा_यावल

आमचे घर सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यातील एका गावात आहे. पणजोबांच्या काळी ते धाब्याचे होते. पुढे आजोबांनी धाबे उतरवून सागाचे वासे टाकले आणि त्यांवर मंगलोरी कौले बसवली. भिंती भाजक्या विटांच्या असल्या तरी जुडाई मातीची आहे. गेल्या मे महिन्यात ज्या वादळाने केळीची बाग आडवी केली, त्याच वादळात आढ्याजवळची (छपराच्या माथ्याच्या रेषेजवळची) दीड-दोनशे कौले उडाली. उरलेली वानरांच्या उड्यांनी दर वर्षी फुटतच असतात. आता संपूर्ण छपरावर सिमेंटची कौले टाकावीत असा विचार आहे. छपराच्या दोन्ही उतरत्या बाजू, म्हणजे पाखी, मिळून सुमारे ९०० चौरस फूट भरतात. एका गवंड्याने भिंतींना हे वजन पेलवणार नाही असे सांगितले, तर दुसऱ्याने कौले तशीच ठेवून वरून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यावेत असे सुचवले. गळती मुख्यतः मागच्या पडवीत आणि आढ्याखाली होते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वासे_आणि_रिपा

वजनाची भीती थोडी जास्तच घातली गेली आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे असते आणि एका चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात. सिमेंटचे कौल साडेचार किलोच्या आसपास भरते, पण आकाराने मोठे असल्यामुळे चौरस मीटरला १० पुरतात. तुमच्या छपरावर आज तीन टनांहून थोडे अधिक वजन आहे, ते पावणेचार टनांपर्यंत जाईल. ही वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही, परंतु तिने धोका होईल तो भिंतींच्या आधी रिपांना (वाशांवर आडव्या ठोकलेल्या, कौले पेलणाऱ्या पट्ट्यांना) आणि वाळवी लागलेल्या वाशांच्या टोकांना. वासा भिंतीत जिथे टेकतो तिथे ओल धरते आणि नेमका तोच भाग वरून दिसत नाही. प्रत्येक वाशाचे टोक पटाशीने टोचून पाहावे. पटाशी लोण्यात शिरावी तशी शिरली, तर तो वासा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन वाशांमधले अंतर दोन फुटांहून जास्त असेल, तर दोन इंच बाय एक इंचाची रीप मध्ये झोळ खाते आणि झोळ आला की कौलांची खाच खाचेत बसत नाही. मातीच्या जुडाईच्या भिंतीला कुठे तडा किंवा फुगवटा असेल, तर मात्र काम सुरू करण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे.

रिपांमधील अंतर जुन्या कौलांवरून धरू नये. ज्या कारखान्याचे कौल घ्याल त्याची दहा कौले आधी घरी आणून, वरचे कौल खालच्यावर किमान तीन इंच चढेल अशा बेताने मोजून मगच रिपा ठोकाव्यात.

रंगाचा सल्ला कृपया मानू नका. कौलारू छप्पर हे हौदासारखे बंद नसते. एका कौलावरचे पाणी खालच्या कौलावर सोडत नेणे एवढेच त्याचे काम असते. सांधे रंगाने बुजले की आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, ते रिपांवर साचते आणि लाकूड कुजते.

शाकारणी_धरणगाव

आढ्याखालच्या गळतीविषयी लिहितो, कारण आमच्याकडे हेच दुखणे होते आणि त्याचे मूळ कौलांत नव्हते. आढ्यावरची कौले ज्या सिमेंट-वाळूच्या मालात बसवली होती, त्या मालाला बारीक चिरा पडल्या होत्या. आपल्याकडे ही कामे आखाजीनंतर, पाऊस येण्याच्या घाईत, भर दुपारी चालतात. पारा ४५ अंशांवर असताना तापलेल्या कौलावर माल टाकला, तर त्यातले पाणी कौल शोषून घेते, उरलेले ऊन नेते आणि माल पक्का होण्याआधीच आक्रसतो. आम्ही दुसऱ्या वेळी आढ्याची कौले भिजवून घेतली, काम सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी केले आणि सात दिवस ओले गोणपाट टाकून ठेवले. गवंडी कुरकुरला, पण चार पावसाळे झाले, आढे कोरडे आहे.

वाऱ्याबाबत एक गोष्ट. वारा कौलांना दाबत नाही, आढ्यावरून वळताना त्यांना वर ओढतो. त्यामुळे आढ्यालगतची, वळचणीची आणि दोन्ही कडांची कौले गंज न धरणाऱ्या स्क्रूने रिपेला आवळलीच पाहिजेत. तुमचे घर मळ्याच्या बाजूने उघडे असेल, तर सगळीच आवळा. सिमेंटचे कौल वानराच्या उडीने सहसा फुटत नाही, पण मोकळे असेल तर सरकते, आणि सरकलेले कौल फुटलेल्याइतकेच गळते.

केळीमळा_यावल

दोघांचेही आभार. वाशांची टोके तपासली; अकरांपैकी तीन बदलावे लागतील. मागच्या पडवीचे कोडे मात्र सुटत नाही. तिथली कौले शाबूत आहेत, रिपाही चांगल्या आहेत, तरी जोराच्या पावसात पाणी आत येतेच.

वासे_आणि_रिपा

पडवीचा उतार मोजला का? एक फूट लांबीची लेव्हल पट्टी एक टोक छपराला टेकवून आडवी धरा आणि तिच्या दुसऱ्या टोकापासून छपरापर्यंतची उंची मोजा.

केळीमळा_यावल

मोजला. मुख्य छपराला फुटाला साडेपाच इंच आणि पडवीला जेमतेम तीन इंच आहे. पडवी वडिलांनी नंतर वाढवली, तेव्हा दाराची उंची राखण्यासाठी उतार कमी ठेवला असावा.

वासे_आणि_रिपा

मग कारण सापडले. एवढ्या कमी उतारावर पाणी रेंगाळते आणि वाऱ्याच्या झोताने वरच्या कौलाखाली उलटे चढते. तिथे मंगलोरी काय नि सिमेंटचे काय, दोन्ही गळणारच. सिमेंटच्या कौलाला फुटाला किमान चार इंच उतार हवा, आणि वळवाचा मारा पाहता मी पाचाखाली जाणार नाही. मुख्य छपरावर कौले टाका, पडवीवर रंगीत पत्रा घाला. त्या पत्र्याचे वरचे टोक कौलांच्या शेवटच्या ओळीखाली वीतभर आत गेले पाहिजे, म्हणून पत्रा आधी आणि कौले नंतर, हा क्रम पत्रेवाल्याला आणि गवंड्याला एकत्र बसवून सांगा. शिवाय चाळीसेक कौले जास्तीची घेऊन गोठ्यात रचून ठेवा, कारण प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी असते आणि पाच वर्षांनी तोच साचा मिळेल याची खात्री नसते.